सहभागाचा तक्ता

अकोल्याच्या बसस्थानकामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मागच्या खिडकीतून स्थानकातल्या भोंग्यावरच्या सूचना शब्दन् शब्द ऐकू येत. बाळापूर, तेल्हारा, दर्यापूर, मूर्तिजापूरमार्गे अमरावती: ही गावांची नावं मी वाचायला शिकण्याआधी ऐकून पाठ केली. बाबा त्याच स्थानकात वाहतूक नियंत्रक होते. आलेल्या आणि सुटलेल्या प्रत्येक गाडीची वेळ नोंदवहीत लिहायची, हे त्यांचं काम. घरातही त्यांची बोलण्याची रीत नोंदवहीचीच होती. दर्यापूरची गाडी रस्त्यात बंद पडली असेल, असं कोणी म्हणालं तर ते म्हणत की 'असेल' लिहिता येत नाही; गाडी आली नाही, एवढंच लिहिता येतं. जे डोळ्यांना दिसलं त्याचीच नोंद करायची, ऐकीव गोष्टीची नाही. ही शिस्त मी त्यांच्याकडून उचलली. पुढे वर्तमानपत्रात तिचं कौतुक झालं. त्याआधी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मी तिचा काय उपयोग केला, ते या प्रकरणात लिहायचं आहे.

त्या वर्षी टाळेबंदीत गाड्या बंद झाल्या. भोंगा थांबला तेव्हा घरातले आवाज नव्याने ऐकू येऊ लागले: खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं खाकरणं, शेजारच्या गॅलरीतली कबुतरं, आणि आमच्या लोखंडी कूलरची घरघर. कूलरचा पंप मधूनच पाणी ओढायचा थांबे आणि मग आई जाळीवर हाताने तांब्यातलं पाणी मारायची. बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा गणवेश घालून खिडकीशी बसत. दहा वाजून दहा मिनिटांनी म्हणत, "आता बाळापूर लागली असती." त्यांच्या तोंडून 'असती' मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. आई सकाळी लवकर गच्चीवर वाळवण घालायची. भिजवलेला गहू वाटून, पिळून, त्याचा चीक शिजवायचा आणि साच्यातून कुरडया पाडायच्या. भांड्याच्या बुडाला उरलेला गरम चीक ती वाटीत घालून वरून तेल-तिखट टाकून द्यायची. बाजार बंद, भाजी दोन दिवसांआड एकदा. भाकरीबरोबर जवसाची चटणी, नाहीतर वाळलेल्या आंबाडीची पातळ भाजी, हाच बहुतेक दिवसांचा स्वयंपाक होता.

मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात पत्रकारितेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. वसतिगृह रिकामं करून आम्हांला घरी पाठवलं होतं आणि वर्ग मोबाईलवर भरत होते. शेवटच्या सत्रात एक विषय गटप्रकल्पाचा होता. चौघांचा एक गट. वर्तमानपत्राचं वाटप बंद असताना गावात बातमी कशी पोहोचते, हा आमच्या गटाचा विषय. प्रत्येकाने आपापल्या गावात मुलाखती घ्यायच्या, मग एकत्र अहवाल लिहायचा. सरांनी सुरुवातीलाच सांगितलं की निम्मे गुण अहवालाला आणि निम्मे गट कसा चालला त्याला. गटाने आधी संपर्काचं साधन ठरवायचं, ते का निवडलं याचं कारण लिहायचं, प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त ठेवायचं, बैठकीत सगळ्यांचे चेहरे दिसतील असं स्क्रीनचं चित्र जोडायचं, आणि शेवटी सहभागाचा तक्ता भरायचा. तक्त्यात चार रकाने: सदस्याचं नाव, केलेलं काम, काम कोणी सादर केलं, पुरावा. नियम वाईट नव्हते. बसून दुसऱ्याच्या जिवावर गुण घेणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि सरांना ती माहीत होती.

अमरावतीचा अक्षय आमचा गटप्रमुख. त्याच्या घरी लॅपटॉप होता, वायफाय होतं आणि अभ्यासाची स्वतंत्र खोली होती. दर्यापूरची नेहा भावाचा मोबाईल घेऊन गच्चीवर बसायची. इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि मी नेमकं लिहिते, असं सगळ्यांचं मत होतं. चौथी प्रतीक्षा. ती तेल्हाऱ्याजवळच्या हिवरखेडची. पहिली दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो होतो, वसतिगृहात आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. तिचा मोबाईल त्याच वर्षी पाण्यात पडून कायमचा बंद झाला होता आणि घरात आता आईचा बटणांचा साधा फोन तेवढा होता. बोटांनी दाबून दाबून त्यावरचे आकडे पुसले गेले होते. ती अंदाजाने नंबर लावायची.

प्रतीक्षाचे वडील एका सरकारी कार्यालयात शिपाई होते आणि नोकरीत असतानाच गेले. अनुकंपेच्या यादीत तिचं नाव लागलं होतं आणि सरकत सरकत वर आलं होतं. कागदपत्रांच्या पडताळणीच्या दिवशी हातात पदवी असेल तर लिपिकाची जागा, नसेल तर शिपायाची. एकदा जी जागा स्वीकारली ती पुढे बदलून मिळत नाही. हे सगळं तिने आम्हांला वसतिगृहातच सांगितलं होतं, हसत, पण पुन्हा पुन्हा. "बाबानं ज्या हापिसात साहेबाले पानी नेऊन देलं," ती म्हणायची, "तिथसाच मले टेबल पाह्यजे. दुसरं काईच नाई मागत मी." त्यामुळे तिचा एकही पेपर मागे राहणं परवडणारं नव्हतं, हे गटातल्या तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. आम्हांला माहीत नव्हतं, असं पुढे कोणीही म्हणू शकलं नाही.

पहिली बैठक साधन ठरवण्यासाठी होती. प्रतीक्षाने मला फोन लावला आणि मी तो माझ्या आईच्या फोनवर घेऊन माझ्या मोबाईलजवळ धरला, म्हणजे तिला बाकीचे ऐकू येतील आणि तिचं बोलणं त्यांना. तिचं म्हणणं सोपं होतं. साध्या फोनवरही चौघांना एका वेळी जोडता येतं. अक्षयने सगळ्यांना जोडून घ्यावं, बोलणं तसंच होईल, इंटरनेट लागणार नाही. तिने ते घरी करून पाहिलं होतं, मामा आणि मावशीला एकत्र जोडून. अक्षय चिडला नाही. तो चिडणारा मुलगाच नव्हता. तो म्हणाला, "सर चेहरे मागून राहिले. फोनवर चेहरा कसा दाखवणार?" शिवाय दोन फोन जवळ धरल्यामुळे आवाज घुमतो आहे, असं दर वेळी चालणार नाही, हेही त्याने सांगितलं. नेहा म्हणाली की तिचं कसंही चालतं, पण गुण जातील. मी काय म्हणाले ते इतिवृत्तात नाही. मी व्हिडिओ बैठकीच्या बाजूने हात वर केला, एवढंच आहे. तीन विरुद्ध एक. अक्षयने 'सर्वानुमते' लिहायला सांगितलं. मी नकार दिला आणि 'बहुमताने' लिहिलं. त्या नेमकेपणाचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

साधन निवडीच्या कारणांमध्ये आम्ही लिहिलं की व्हिडिओ बैठकीत हावभाव दिसतात, चर्चा परिणामकारक होते आणि नोंद राहते. सगळ्या सदस्यांची सोय पाहिली का, या प्रश्नापुढे अक्षयने 'होय' लिहिलं. ते वाक्य मी वाचलं होतं.

मग प्रतीक्षाने तिची वाट काढली. रोज दुपारी, जेवणं झाल्यावर, ती आईच्या फोनवर मला फोन करायची. आधी आईशी बोलायची. "जय भीम काकू, कुरडया वाळल्या काय?" मग मी फोन घेऊन स्पीकर चालू करायची आणि कूलरपासून लांब, दाराशी बसायची. ती दोनशे पानी वहीतून मुलाखत वाचून दाखवायची आणि मी टाइप करायची. वाचताना ती विरामचिन्हंही वाचायची. गिरणीवाल्या मावशी म्हणतात, अवतरण सुरू, पेपर बंद झाला तं बरं झालं, आता लोकं दळन टाकाले येतेत तवा जराकसे थांबतेत, पूर्णविराम, अवतरण पूर्ण. कुठे बोलणारा थांबला, कुठे हसला, कुठे इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला, तेही ती कंसात घालायला सांगे. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सूचना सांगणाऱ्या माणसाची मुलाखत तिने दोनदा घेतली होती, कारण पहिल्या वेळी तो खरं बोलला नाही असं तिला वाटलं. दुसऱ्या वेळी तो म्हणाला होता, "मले कागद येते, मी वाचतो. कोनं लिवला ते मी इचारत नाई." हे वाक्य टाइप करून झाल्यावर मी तिला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. पुढच्या काळात मी शेकडो मुलाखती वाचल्या आणि दुरुस्त केल्या. त्या वयात इतकं चांगलं ऐकणारी दुसरी व्यक्ती मला भेटली नाही.

आई पलीकडे बसून कुरडयांच्या काड्या वेचायची आणि ऐकायची. एकदा मधेच म्हणाली, "ते पोरगी बोलून नाई राहिली वं, समोर बसून लिहून राहिली." बाबाही ऐकत. त्यांना तेल्हाऱ्याच्या रस्त्यावरचे सगळे थांबे माहीत होते, त्यामुळे ते विचारायचे की ही गिरणी थांब्याच्या अलीकडे की पलीकडे. प्रतीक्षा सांगायची, अलीकडे, काका. त्या दुपारी त्या घरात कोणाच्याही मनात त्या मुलाखती कोणाच्या आहेत, याबद्दल शंका नव्हती.

आठवड्याला एक अशा व्हिडिओ बैठका होत राहिल्या. पडद्यावर तीन चौकोन असायचे. मी प्रत्येक इतिवृत्ताच्या वर उपस्थितांची नावं लिहायची आणि खाली 'अनुपस्थित: प्रतीक्षा'. ते खरंच होतं. ती उपस्थित नव्हती. दोनदा तिने निरोप दिला की बैठकीत तिच्या वतीने अमुक एक मुद्दा मांड. मी मांडला, आणि इतिवृत्तात तो माझ्या नावाने आला, कारण बोलले मी होते. एकदा तिने विचारलं, "मी नाई आली असं लिवतं काय वं तू?" मी म्हटलं, हो, आली नाहीस म्हणून. ती हसली. म्हणाली, "लिव बापा, तुह्यासारखं कोनं लिवणार."

अहवाल झाला. एकूण मुलाखतींपैकी निम्म्याहून जास्त आणि सगळ्या चांगल्या मुलाखती हिवरखेडच्या होत्या. मग तक्ता भरायची वेळ आली आणि तो भरायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी गच्चीच्या जिन्यात बसून तो भरला. आई वर वाळवणाच्या चादरी उचलत होती. 'काम' या रकान्यात काय लिहायचं हे सोपं होतं. 'कोणी सादर केलं' यात हिवरखेडच्या मुलाखतींपुढे माझं नाव आलं, कारण टाइप करून गटाच्या फोल्डरमध्ये मी टाकल्या होत्या आणि फोल्डरमध्ये तसंच दिसत होतं. प्रतीक्षाच्या नावापुढे 'मुलाखती घेण्यात मदत' असं लिहिलं. 'मदत' हा शब्द मी विचार करून निवडला होता. 'पुरावा' या रकान्यात काय लिहायचं, यावर मी बराच वेळ थांबले. फोनवरच्या बोलण्याचं चित्र निघत नाही, आणि वहीचं चित्र काढून पाठवायला प्रतीक्षाकडे मोबाईल नव्हता. रोज तासभर फोन आला होता, हे फोनमध्ये दिसत होतं, पण बोलणं काय झालं ते दिसत नव्हतं. 'मी स्वतः ऐकलं' असं लिहिता आलं असतं. मी साक्षीदार होते. पण ज्या मुलाखती माझ्या नावावर लागत होत्या, त्यांची साक्ष देणारीही मीच, हे मला नियमात बसणारं वाटलं नाही. मी 'उपलब्ध नाही' असं लिहिलं. तक्त्यातली एकही ओळ खोटी नव्हती. हे मी नंतर अनेकदा तपासून पाहिलं. आणि त्या तक्त्यामुळे माझे गुण वाढणार होते, हेही मला लिहितानाच कळत होतं. ते इथे नोंदवलं नाही तर हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही.

आठवड्याभराने सरांचा फोन आला. दुपारची वेळ, त्यांच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. त्यांनी विचारलं की प्रतीक्षा एकाही बैठकीला नाही, तिच्या कामाचा एखादा पुरावा आहे का, चित्र, मेल, काहीही. मी म्हटलं, नाही सर. ते थांबले. मी आणखी काही सांगेन, याची ते वाट पाहत होते असं आज वाटतं. मग म्हणाले, "तक्ता तू भरलास ना? मग मी तुझ्याच शब्दावर जातो." मी 'हो सर' म्हटलं आणि फोन ठेवला. आईने विचारलं कोणाचा होता. मी सांगितलं, सरांचा, तक्त्याबद्दल. सरांशी बोलणं दोन मिनिटांहून कमी चाललं.

निकाल लागला. प्रकल्पाच्या विषयात प्रतीक्षाच्या नावापुढे 'गैरहजर' होतं. बाकी विषयांचे गुण आधीच्या सत्रांवरून दिले होते आणि त्यांत ती वर्गात दुसरी होती. तिने आईच्या फोनवर फोन केला आणि या वेळी आईशी बोलली नाही. तिला आधी वाटलं की चूक छपाईची आहे. मी तिला तक्त्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "पन तू तं रोज ऐकत होती." मी म्हटलं, हो. तिने पुन्हा तेच म्हटलं. पडताळणीला तीन आठवडे उरले होते.

मी सरांना लिहिलं. सरांना धक्का बसला. त्यांनी मला काही बोल लावला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. गुण भरण्याचं पोर्टल बंद झालं होतं आणि आता दुरुस्ती महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातूनच होऊ शकत होती. गाड्या नुकत्या सुरू झाल्या होत्या, एका बाकावर एक प्रवासी. बाबांनी मला अमरावतीच्या पहिल्या गाडीत बसवलं आणि नोंदवहीत तिची सुटायची वेळ लिहिली. परीक्षा विभागात एकच खिडकी उघडी होती. काचेपलीकडच्या बाबूंनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि समजावून सांगितलं. माणूस भला होता. मूळ तक्ता चुकीचा होता, असं गटाच्या सगळ्या सदस्यांनी लिहून द्यावं लागेल. मग चौकशी लागेल. "अन् चौकशी होईस्तोवर चौघांचाही निकाल राखून ठेवतीन," ते म्हणाले. "तिचं एकटीचं नाई करता येत, बाई." मी पायऱ्यांवर बसून आईने दिलेली भाकर खाल्ली आणि दुपारच्या गाडीने परत आले.

त्याच आठवड्यात बैठक घेतली. साधन तेच, पडद्यावर तीन चौकोन. प्रतीक्षा नव्हती. तिला साध्या फोनवर जोडून घ्यावं, हे कोणीही सुचवलं नाही. मीही नाही. अक्षयला पुण्यात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता आणि गुणपत्रिका महिन्याच्या आत द्यायची होती. तो हळू आवाजात म्हणाला, "मी तिच्या विरोधात नाई. पण माझं गेलेलं वर्ष मले कोण देणार?" नेहाने आधी कॅमेरा बंद केला आणि मग बोलली. निकालापर्यंत लग्नाचं काढणार नाही, एवढीच शेवटची मुदत तिला घरातून मिळाली होती. निकाल अडकला असं घरी सांगितलं तर पुढचं कोणी ऐकून घेणार नव्हतं. मला अकोल्यातल्या एका दैनिकाच्या कार्यालयात शिकाऊ म्हणून बोलावलं होतं, गुणपत्रिका घेऊन या, असं सांगून. हे मी बैठकीत बोलले नाही. अक्षयने मत विचारलं. त्याने आणि नेहाने 'नाही' म्हटलं. मी मत दिलं नाही. माझ्या एका मताने तसंही काही होणार नव्हतं, असा हिशेब मी मांडला होता. सह्या सगळ्यांच्या लागत होत्या. पण मी 'हो' म्हटलं असतं तर ते लिहावं लागलं असतं, आणि लिहिलेलं असतं तर कोणीतरी कधीतरी विचारलं असतं की मग तक्ता चुकीचा भरला कोणी. इतिवृत्तात मी लिहिलं: दोन विरोधात, एक तटस्थ.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. बैठक झाली का, तिने विचारलं. मी झाली म्हटलं.

"मंग काय ठरलं?"

"दोघांनी नाही म्हटलं."

"अन् तू?"

"मी तटस्थ राहिले."

तिच्याकडे कोणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज येत होता. मग तिने रागावल्याशिवाय विचारलं, "तटस्थ मंजे तू कोनीकडं होती, सुजाता?" तिने थोडी वाट पाहिली आणि फोन ठेवला. त्यानंतर दुपारी आमच्याकडे तिचा फोन आला नाही. आई दोन-तीन दिवस त्या वेळेला फोन चार्जिंगवरून काढून जवळ ठेवत असे, मग तिने ते सोडलं.

पडताळणी अकोल्यात होती. त्या दिवशी बाबा जेवायला घरी आले आणि हात धुताना म्हणाले की तेल्हाऱ्याची गाडी नऊ पन्नासला लागली. तुझी मैत्रीण आणि तिची आई उतरल्या. त्यांनी दोघींना पाण्याचं विचारलं, घर मागेच आहे असं सांगितलं. नको म्हणाल्या. प्रतीक्षाने त्यांना वाकून नमस्कार केला होता. आई ओट्याशी उभी होती. तिने माझ्याकडे न पाहता म्हटलं, "दोन पोळ्या बांधून देतो, नेऊन दे तिले. चार वाजता गाडी हाय तिची." तिने खरंच डबा भरला, आलू-वांग्याची भाजी आणि पोळ्या. मी डबा घेऊन जिन्यापर्यंत गेले. जिन्यातल्या खिडकीतून स्थानक दिसत होतं आणि फलाटावर बसलेल्या दोघी ओळखू येत होत्या. मी चार वाजेपर्यंत जिन्यात उभी राहिले. भोंग्यावर गाडीची सूचना झाली, गाडी सुटली. डबा तसाच परत आला आणि संध्याकाळी आम्ही तिघांनी तो खाल्ला. बाबांनी मला त्यानंतर कधी काही विचारलं नाही, आणि मी जे केलं ते त्यांच्याच शिकवणीप्रमाणे केलं, असंही मी त्यांना कधी म्हटलं नाही. ते खरं नव्हतं. बाबा त्या गाडीतून उतरलेल्यांना विचारल्याशिवाय उशिराचं कारण कधी लिहीत नसत.

पुढच्या परीक्षेत प्रतीक्षा त्या विषयात उत्तीर्ण झाली. पदवी तिला मिळाली, शिपायाची जागा स्वीकारल्यानंतर पाच महिन्यांनी. अक्षय पुण्याला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. नेहाची आणि माझी ओळख राहिली नाही. चौघांचा जो गट मोबाईलमध्ये होता तो अजून आहे. त्यात शेवटचा संदेश अहवाल सादर झाल्याचा, अक्षयचा. प्रतीक्षा त्या गटात कधीच नव्हती.

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या कार्यालयात मला बातमीसाठी जावं लागलं. काही गावांच्या पाणी योजना रखडल्या होत्या आणि कारण कोणी सांगत नव्हतं. संबंधित लिपिक बैठकीला गेले होते. बाहेर बसलेली बाई उठून आत आली तेव्हा मी तिला ओळखलं, आणि तिने मला माझ्या आधी ओळखलं होतं. मी कशासाठी आले ते तिने विचारलं, कपाटातून फाईल काढली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कोणत्या गावाचा ठराव कधी आला, कुठल्या गावात जलवाहिनी कोणाच्या शेतावरून अडली, कोणत्या पत्राला उत्तर आलं नाही. एकाही ठिकाणी ती अडली नाही, आणि जिथे तिला खात्री नव्हती तिथे तिने तसं सांगितलं. मी लिहून घेत होते. फाईलमधल्या टिपणीची पानं मी उलटली. प्रत्येक टिपणी एकाच हातची होती. दोन वर्षं त्या अक्षरातल्या वह्या मी बाकावर शेजारी पाहिल्या होत्या. खाली सही लिपिकांची.

मी विचारलं, "हे तू लिहितेस?"

"हाव."

"सगळंच?"

"त्याईले वेळ नसते," ती म्हणाली. फाईल बंद करून तिने दोरी बांधली. "लिवते मी. सही त्याईची असते." मग मी चहा घेणार का, असं तिने विचारलं, आणि मी नको म्हटल्यावर ती बाहेर जाऊन बसली. मला तिच्याशी जे बोलायचं होतं ते मी बोलले नाही. ते ऐकण्यात तिला रस असेल, असं दिसत नव्हतं. गाडीला पंचवीस मिनिटं होती. मी स्थानकावर जाऊन बसले आणि तिथेच मोबाईलवर बातमी लिहून पाठवली.

बातमी दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर तीन कॉलम लागली. माहिती कोणी दिली, ते बातमीत द्यावं लागतं. मी लिपिकांचं नाव दिलं. कागदावर सही त्यांची होती.